आप्पाची हजेरी

हजेरी घ्यायला मला रोज जेमतेम तीन मिनिटं लागायची. दोन शिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी मिळून सतरा पोरं, त्यात दोघं-चौघं कायम कुठल्यातरी लग्नाला नाहीतर मामाच्या गावाला गेलेली. परिपाठ झाला की पोरं चटईवर बसतात, मी खुर्ची दाराशी ओढते कारण तिथे उजेड बरा असतो, आणि नावं वाचायला लागते. हजर मॅडम, हजर मॅडम, हजर मॅडम. सहाव्या नंबरला आप्पाचं नाव येतं, आणि ते माझ्या तोंडून पुरतं निघायच्या आत अख्खा वर्ग ओरडायचा, "आप्पा हजर मॅडम!" इतक्या जोरात की पत्र्यावरची कबुतरं उडायची. (त्याचं खरं नाव इथे नको. घरी आप्पा म्हणतात. आपल्या खान्देशात पाळण्यातल्या पोरालाही आप्पा, नाना, जिभाऊ म्हणायची रीत आहे, तेव्हा सात वर्षांचा आप्पा ऐकून कोणी दचकू नका.) आप्पाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे अंगावर हवा तसा ताबा नाही. आवाज निघतो पण त्याचा शब्द होत नाही. म्हणून वर्ग त्याची हजेरी द्यायचा. मी सांगितलेलं नव्हतं, पोरांनी आपणहून सुरू केलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याचं फार कौतुक होतं. केंद्रप्रमुख आले तेव्हा मुद्दाम त्यांच्यासमोर हजेरी घेतली होती मी. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पण काढला, ग्रुपवर टाकला, खाली पंचवीस-तीस अंगठे आणि हात जोडलेले.

यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षिका ताई आल्या. रेनकोटाचं पाणी गळत होतं, तो त्यांनी खिडकीच्या गजाला टांगला आणि मागे भिंतीला टेकून बसल्या. मी हजेरी घेतली, पोरं ओरडली, कबुतरं उडाली. ताईंच्या चेहऱ्यावर काहीच नाही. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेकडे बघत त्यांनी सहज विचारलं, "आप्पाची हजेरी रोज पोरंच देतात का?" मी म्हटलं हो ना, बघितलं ना तुम्ही, किती जीव लावतात. "मग तेव्हा आप्पा काय करतो?" हसतो, म्हटलं. "पोरं ओरडल्यावर हसतो, की त्याच्या आधी काही करतो?"

मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरात बघायचं सोडून आप्पाकडे बघत त्याचं नाव घेतलं. तोवर कधी बघितलंच नव्हतं, नाव वाचताना माझी नजर कागदावर. नाव ऐकल्याबरोबर त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. मान डावीकडे कलली, तोंड उघडलं, गळ्याची शीर ताठ झाली, आणि एवढं सगळं जुळून येईपर्यंत "आप्पा हजर मॅडम" होऊन गेलं होतं. मग हात खाली पडला आणि तो हसला. आता हे हसणं कसलं ते मी काय सांगू. एवढं मात्र कळलं की पोरगा उत्तर द्यायला निघालेला होता आणि आम्ही सतरा-अठरा जण रोज त्याच्या आधी पोहोचत होतो. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरते. तो पहिलीला आल्यापासूनचा हिशोब मी त्या दिवशी बोरी नदीच्या पुलावरून स्कूटीवर येताना करत होते. दोन्ही बाजूला कपाशी टोंगळ्याइतकी झालेली, बाया निंदणीला वाकलेल्या, हवा अशी गच्च की हेल्मेटची काच आतून धुरकट, आणि डोक्यात तेच, दोनशे वेळा. वर आणखी जून.

माझ्या माहेरी आमच्या ओट्यासमोर एक घर होतं. त्या घरात माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा एक मुलगा होता, त्याला सगळे नुसतं भाऊ म्हणायचे. आई शेतात गेली की त्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक खाटेच्या पायाला. कोणाला त्यात क्रूरपणा वाटायचा नाही, मलाही नाही वाटायचा, वाड्यात विहीर होती आणि पोरगं सरपटत कुठेही जायचं, बांधेल नाही तर करेल काय बाई. कानबाईच्या सणाला घर सारवून-रंगवून सगळी भाऊबंदकी जमायची, रोटांचे गहू दळले जायचे, तेव्हा भाऊला नवा शर्ट घालून पुढच्या खोलीत आणायचे. दोन दिवस. मग परत खाट. आणि आम्ही पोरी त्याच्यासमोर ओट्यावर शाळा-शाळा खेळायचो. बाई कायम मीच. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नावं लिहून मी हजेरी घ्यायची, त्यात बाहुल्यांची नावं होती, एका शेळीचं पण होतं. भाऊचं नव्हतं. तो समोरून बघत असायचा, कधी कधी मोठ्याने आवाज करायचा आणि आम्ही "ए गप रे, शाळा चालू शे" म्हणून ओरडायचो. तो आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही, आणि जुलैपासून मी ते आठवायचा प्रयत्न करतेय. मी डीएडला असताना तो गेला. त्याच वर्षी १९९५ च्या कायद्यातले अपंगत्वाचे सात प्रकार पाठ करून मी पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आता २०१६ चा कायदा आहे, त्यात २१ प्रकार आहेत. भाऊ कुठल्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात कधीच नव्हता.

तर आप्पा. त्याचा बाप सुरतला साडीच्या मार्केटात गठ्ठे उचलायला. आमच्या भागातलं निम्मं गाव सुरतलाच असतं, रात्रीच्या गाडीने जायचं, दिवाळीला नाहीतर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) यायचं. बाळंतपण तिकडेच झालं, पोरगं उशिरा रडलं, काचेत ठेवलं होतं, एवढंच आई सांगते. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्यवाली, २०१३ पासून येते ती, त्यांनी दोन वर्षांचा असताना पुढे तपासायची चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी आईने रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. कुठे जायचं ते कळलं नाही म्हणून नुसतीच जपलेली. मी गेल्या वर्षी जूनमध्ये पट भरायला दारोदार फिरत होते तेव्हा ती पिशवी माझ्यासमोर उघडली आणि म्हणाली, "मॅडम, त्याले समदं समजस. फक्त तोंडम्हाईन निंघत नही." मागून आजी बोलली, मॅडम, बठता येत नही त्याले, शायात काय करी. मी पण मनात तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू. वर्गात सोळा पोरं, मदतनीस कोणी नाही, संडासाला कोण नेणार, याला मी काय शिकवणार. पण नाव लिहून घेतलं. पट कमी पडत होता, हेही एक कारण होतंच.

मग अपंगत्वाचं सर्टिफिकेट. हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून कळायचं नाही. ऑनलाइन फॉर्म मी भरला, आधारवर आप्पाच्या बोटांचे ठसे येईनात कारण मूठ उघडत नाही. पॅसेंजरने जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, आई, आजी, मी, आणि आईच्या कडेवर सोळा किलोचा आप्पा. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात सकाळी नऊपासून बसलो. पहिल्या खेपेला तपासणारे डॉक्टर आलेच नव्हते, दुसऱ्या खेपेला नंबर लागला दुपारी अडीचला. तोवर आप्पा थकून कडक झालेला, पाय कात्रीसारखे एकात एक अडकलेले. आत एका बाईंनी चित्रांचं पुस्तक उघडून विचारलं, "चिमणी दाखव बरं." आप्पा बघतच राहिला. त्यांनी काहीतरी लिहिलं. आजी दाराशी उभी होती, ती तिथूनच म्हणाली, "चिडी म्हना ना माय, चिडी!" तोवर पान उलटलं होतं. अहिराणी घरातल्या बोलत्या पोरांनाही पहिलीत हे असंच होतं, केळीला केयं आणि शाळेला शाया म्हणणाऱ्या पोराला आम्ही 'भाषा कच्ची' म्हणतो, पण त्याला निदान उलटून बोलता येतं. आप्पाकडे डोळ्यांशिवाय काही नाही, आणि ते नेमके कुठल्या शब्दाला हलतात हे विचारणाऱ्याला माहीत पाहिजे ना.

सर्टिफिकेटवर पंच्याहत्तर टक्के आले. आईने फोन करून सुरतला सांगितलं. तिकडून बाप म्हणाला, "म्हंजे फस्ट क्लास ना?" आणि मग दोघं गप्प.

४० टक्के किंवा त्याच्या वर असलं की पुढची दारं उघडतात, म्हणजे कागदावर तरी उघडतात. सहा ते अठरा वर्षांपर्यंत फुकट शिक्षण, तेही जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत हे पोराच्या घरच्यांनी ठरवायचं, असं २०१६ च्या कायद्यात आहे. अगदीच बाहेर नेता येत नसेल तर विशेष शिक्षक घरी येऊन शिकवतात, त्याला गृहाधारित शिक्षण म्हणतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेत आणणाऱ्याला मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मोजमाप करून साहित्य. निरामय म्हणून एक आरोग्य विमा आहे, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा मुलांसाठी, १ लाखापर्यंत, आणि त्यात नियमित थेरपीचा खर्च पण बसतो. हा विमा तर आमच्या गटातल्या कित्येक शिक्षकांना माहीत नाही, मला ताईंनी सांगितला. यातलं आप्पाला काय काय मिळालं? भत्त्यासाठी आईचं खातं आधारला जोडायला तालुक्याला चार चकरा, एका चकरेला मजुरी बुडते. सीपी चेअरचं (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना आधार देऊन बसवायची खुर्ची) माप शिबिरात जानेवारीत घेतलं, खुर्ची आली तेव्हा पोरगं वाढलेलं, गुडघे बाहेर. आणि रॅम्प. रॅम्पची गंमत सांगते. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार पाहिजे असा नियम आहे. आमच्या वऱ्हांड्याला दोन फुटाचं जोतं, म्हणजे चोवीस फूट हवा. आहे सात. व्हीलचेअर सोडा, मला स्वतःला पावसात त्यावरून उतरायची भीती वाटते. तपासणीच्या फॉर्मवर 'रॅम्प आहे काय' असा प्रश्न असतो, त्यावर आम्ही दरवर्षी 'होय' लिहितो. पोरं त्याची घसरगुंडी करतात, चड्ड्या फाटतात, आणि आप्पाची आई त्याला कडेवर घेऊन बाजूच्या पायऱ्यांनी चढते.

बापाचं मत होतं की पोराला शहरात वसतिगृहाच्या विशेष शाळेत टाकावं. सुरतला कोणीतरी सांगितलं होतं तिथे सगळं फुकट असतं. ज्या शाळेचं नाव तो सांगत होता ती मतिमंद मुलांची, आप्पाचा प्रश्न वेगळा, पण फोनवर हे समजावणं अवघड. आई ऐकेना. "रातले त्याले कूस कोन बदली देई?" एवढंच ती म्हणायची. मी तेव्हा आईच्या बाजूने होते, पण मनातून फार पक्की नव्हते, त्याला कारण आहे.

याआधीच्या शाळेत माझ्याकडे एक मुलगी होती, जन्मापासून ऐकू न येणारी. काय अक्षर तिचं! मोत्याचे दाणे. फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवायची, मी कोपऱ्यात 'हे पुसू नये' लिहिलेलं असायचं ते पण, वर तारीख, पट, उपस्थिती. मी तिची वही सगळ्यांना दाखवायची. दोन वर्षं. तिला महिन्याला २०० रुपयांचा मुलींचा भत्ता मिळायचा, कानाचं मशीन मिळालं होतं जे तिची आई कपाटात ठेवायची कारण हरवलं तर. दुसरीच्या शेवटी कळलं की वहीतला एक शब्दही तिला कळत नव्हता. 'पाणी' असं सुंदर लिहायची, पण पाणी म्हणजे ते माठातलं, हे जोडलं गेलं नव्हतं. कारण तिच्याशी कोणी कुठल्याच भाषेत बोललं नव्हतं, ना घरी, ना मी. तिच्या मामाने तिला शहरातल्या कर्णबधिर शाळेत घातलं तेव्हा मी घरी जाऊन वाद घातला होता, की एवढ्या लहान पोरीला आईपासून तोडू नका. दिवाळीला ती आली तेव्हा तिचे हात थांबत नव्हते. खुणांनी भांडत होती, थट्टा करत होती, मला तिने माझ्या नावाची खूण पण दिली, कपाळावरची टिकली दाखवून. आणि तिची आई चुलीपाशी बसून रडत होती, कारण पोरगी एवढं बोलते आणि मला काहीच कळत नाही. तेव्हा 'जवळची शाळा की विशेष शाळा' हा वाद कोणी ठामपणे जिंकायला लागलं की मी गप्प बसते. त्या मुलीला तिच्यासारखी माणसं पाहिजे होती. आप्पाला रात्री कूस बदलणारं माणूस पाहिजे. दोन्ही एकाच गावात मिळायला हवं, पण तेवढं कोणाचं नशीब असतं.

ताईंकडे तालुक्यातली साठावर मुलं आहेत. २०२१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्राथमिकला दर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक पाहिजे, उच्च प्राथमिकला १५ मागे एक. ताई स्वतःच हे सांगून हसतात. वर्षानुवर्षं करारावर, दर काही महिन्यांनी एक दिवसाचा खंड, पेट्रोल स्वतःचं. आमच्या शाळेला महिन्यातून एकदा, जमलं तर दोनदा. त्या एका दिवसात त्या आप्पाला काय शिकवणार? म्हणून त्या आप्पाला शिकवतच नाहीत फारसं. मला शिकवतात, आईला शिकवतात, खिचडीवाल्या मावशीला शिकवतात. मी आधी याला टाळाटाळ समजले होते.

पहिल्यांदा त्यांनी बसणं शिकवलं. कंबर, गुडघा आणि घोटा, तिन्ही ठिकाणी काटकोन झाला पाहिजे, म्हणजे धड स्थिर राहतं, आणि धड स्थिर राहिलं तरच हात आणि डोळे मोकळे होतात, नाहीतर पोराचा सगळा जीव पडू नये यातच जातो. साहित्य काय? आजीची गोधडी गुंडाळून दोन्ही बाजूंना, पायाखाली पाट, पुढे बिस्किटाच्या खोक्याला अर्धगोल कापून केलेलं टेबल. लहान पडलेली ती सरकारी खुर्ची आम्ही उलट शेजारच्या गावातल्या एका लहान मुलीला दिली (हे नियमात बसतं का ते विचारू नका). मावशीला सांगितलं की आडवं धरून भरवायचं नाही, घास श्वासनळीत जातो, सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, गिळल्यावर दुसरा. मावशीला मानधन मिळतं ते खिचडी शिजवायचं. आप्पाला भरवायला वीस मिनिटं लागतात, ती कुठल्या योजनेत नाहीत. रोज व्यायाम करून घ्यायचा कारण मेंदूची इजा वाढत नसली तरी स्नायू आखडत जातात, तो आईने करायचा, सकाळी चूल पेटायच्या आधी. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस आप्पा कोणी न धरता पंधरा मिनिटं बसला. आजी शाळेच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पोऱ्या बठना म्हंजे बठ्ठं व्हयनं." ज्यांना अहिराणी येत नाही त्यांना हे कसं समजावू, बसणं आणि सगळं असे हे दोन शब्द आमच्याकडे एकमेकांना इतके खेटून आहेत.

मग डोळे. ताईंनी शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लॅस्टिक पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलं, चार कोपऱ्यांत चार चित्रं चिकटवली आणि आप्पासमोर धरलं. आपण पलीकडून त्याच्या डोळ्यांत बघायचं, नजर कुठल्या कोपऱ्यावर जाऊन थांबते ते. पहिल्या चित्रांत पोळी होती. आप्पाने ढुंकून बघितलं नाही. पोळी त्यांच्याकडे सणाला होते, रोज कळण्याची भाकर. मी भाकरीचं चित्र काढलं तर ते पोरांना चंद्र वाटलं, एकाला पुरी, एकाला गाडीचं चाक. शेवटी आईने पिवळ्या खडूने वर ठेच्याचा गोळा काढून दिला तेव्हा कुठे भाकर झाली. खाली शब्द लिहायची वेळ आली तेव्हा मी सवयीने 'तहान' लिहिलं, आणि शेजारी बसलेल्या पोराने वाचून आप्पाला विचारलं, "तीस लागनी का रे?" तर आप्पाचे डोळे झटकन पाण्याच्या कोपऱ्यावर. खोडलं मी. आता त्या फलकावर तीस आहे, भूक आहे, 'घर जावानं शे' आहे, आणि 'पुरे'. पुरे सगळ्यात जास्त वापरतो, विशेषतः माझ्या तासाला. गणितात चार कोपऱ्यांत चार आकडे लावून बेरजा विचारते, पाचातल्या तीन बरोबर येतात. कधी दोन. चमत्कार वगैरे काही झालेला नाही, कोपऱ्यावर ऊन आलं की नजर तिकडेच जाते आणि मग मला वाटतं उत्तर आलं. शिवाय मी पलीकडून बघताना माझेच डोळे बरोबर उत्तराकडे जातात आणि तो माझ्या डोळ्यांकडे बघून उत्तर देतो, हे पण ताईंनी पकडलं. लबाड आहे तो. आमची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला तीन किलोमीटर जावं लागतं, तिथे हा फलक कोण धरणार, सोळा किलोचा तोवर पंचवीस किलोचा झालेला असेल, आईची कंबर आताच दुखते. हा विचार आला की मी त्याचा पुढचा विचार करत नाही.

आणि हे सगळं मी नीट करत होते हो, गोधडी, फलक, भाकर, सगळं. तरी सकाळी हजेरीला मात्र आम्ही सगळे ओरडायचो. इतकं गोड वाटायचं की त्यात काही चुकतंय हे दिसायचं कारणच नव्हतं. म्हणून तर ताईंचा प्रश्न लागला.

ताईंनी सांगितलेलं एवढंच, नाव घ्या आणि मनात दहा मोजा. मी पेढ्यांचा एक रिकामा पत्र्याचा डबा आप्पाच्या उजव्या हाताखाली पालथा ठेवला. पोरांना सांगितलं, आप्पा वाजवेल, कोणी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी नाव घेतलं. हात उचलला गेला, मान कलली, हात डब्याच्या बाजूला पडला. परत उचलला. दहा कधीच होऊन गेले, मी वीस, पंचवीस मोजत होते, आणि वर्गात काय शांतता! पावसाचं टपटप आणि बाजूच्या खोलीतून सरांचा पाढ्यांचा आवाज. एका मुलीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं. एक पोरगा "हज" एवढं बोलून गेला आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. मला स्वतःला इतकं असह्य झालं की वाटलं, जाऊ दे, कशाला पोराचे हाल, लिहून टाकू. चाळिसाच्या आसपास डबा वाजला. ठण् असा नाही, नुसता घासल्यासारखा. पण वाजला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मी सांगितलं होतं की टाळ्या पण नकोत, तुमच्या हजेरीला कोणी वाजवतं का टाळ्या.

आता हजेरीला पाच मिनिटं लागतात. सर एकदा डोकावून विचारून गेले, मॅडम, नेटवर्क नाही का.

पोळ्यानंतरची गोष्ट. बाप चार दिवस आलेला, बैल रंगवले, आप्पाला खांद्यावर बसवून वेशीपर्यंत नेलं, आणि आदल्या रात्रीच्या गाडीने परत सुरत. सकाळी सहावं नाव घेतलं. हात मांडीवर तसाच. दहा झाले, तीस झाले. तो माझ्याकडे बघत होता, सरळ, आणि हात उचलत नव्हता. वर्ग माझ्याकडे बघायला लागला. तोंड दाबून बसणारी ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तो रुसेल शे." मी सातवं नाव वाचलं. त्याचा रकाना कोरा राहिला, दिवसभर. मध्ये दोनदा मी डबा जरा त्याच्या हाताजवळ सरकवला, त्याने बघितलं पण नाही. पाच वाजता भरला मी तो रकाना, भरावाच लागतो, पोरगा दिवसभर समोर बसलेला होता. पण हात जरा अडला.

दुसऱ्या दिवशी मी पाचवं नाव घेतलं आणि ते पोरगं उठून उभं राहायच्या आत डबा वाजला. चांगला खणखणीत. पाचव्या नंबरचं पोरगं तोंड वासून आप्पाकडे बघत राहिलं, मग माझ्याकडे, आणि रडवेलं होऊन ओरडलं, "मॅडम, आप्पानी मनी हजेरी दी टाकी!"